सभागृहाचे पाणी कोणाच्या अंगणात?



चर्चच्या मागील बाजूस बांधावयाच्या नव्या सभागृहाचा आणि वाहनतळाचा नकाशा गेले तीन रविवार आपल्या फलकावर लावलेला आहे. तो पाहून मागच्या आळीतल्या ११ कुटुंबांनी माझ्याकडे एक अर्ज दिला आहे. त्यांतली ४ कुटुंबे आपल्याच धर्मग्रामातली, बाकीची आपली हिंदू शेजारी. अर्जात विरोधाचा एकही शब्द नाही. प्रश्न मात्र तीन आहेत. ३ फूट भराव घातल्यावर पावसाचे पाणी कुठे जाणार? बावखल बुजवणार का? आणि कुंपणाकडची भेंडाची झाडे काढून तिथे लॉन व शोभेचे पाम कशासाठी?

अर्जाची बातमी पसरली आणि मिस्सानंतर व्हरांड्यात काही जणांचे बोलणे कानावर आले. "जागा चर्चची, पैसा आपला, मग ह्यांना विचारायचे कशाला?" बोलणारी माणसे चांगली आहेत, सभागृहासाठी त्यांनी हात सैल सोडला आहे. म्हणूनच ह्या प्रश्नाला मी व्यासपीठावरून दोन वाक्यांत उत्तर दिले नाही, इथे लिहितो आहे.

अनुवादाच्या २२व्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधाल तेव्हा धाब्याला कठडा घाला, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येणार नाही. घर स्वतःचे, धाबेही स्वतःचे, आणि तरीही देव त्यात लक्ष घालतो! निर्गमाच्या २१व्या अध्यायात तर आणखी स्पष्ट आहे: कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि दुसऱ्याचा बैल त्यात पडला, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. मालकाचा हेतू वाईट होता असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. बहुधा त्याने पाण्यासाठीच खणला असेल.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की न्याय हा सद्‌गुण नेहमी दुसऱ्याच्या संबंधात असतो, ज्याचे जे आहे ते त्याला देणे हे त्याचे काम. प्रीती ह्याच्याही पुढे जाते, ती आपले स्वतःचे देते. पण न्याय बाजूला ठेवून प्रीतीकडे उडी मारता येत नाही. शेजाऱ्याचे अंगण कोरडे राखणे ही आपण आपली उदारता समजू लागलो तर घोटाळा होईल. ते त्यांचे आपल्याकडे येणे आहे. नाताळात त्यांच्या घरी करंज्या पाठवणे ही उदारता, आणि ती चालू ठेवावीच.

आता हिशेब पाहा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. सभागृहाचे छप्पर आणि पेव्हर ब्लॉकचे वाहनतळ मिळून सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आपल्या वसईला नवा नाही. एवढ्या पावसात १ लाख लिटर पाणी पडेल, १० हजार लिटरचे दहा टँकर. आज त्यातले पुष्कळसे माती पिते आणि उरलेले बावखलात उतरते. उद्या ते उतारावरून मागच्या आळीत जाईल. तिथे मोगऱ्याच्या वाड्या आहेत, आणि मुळांशी दोन-तीन दिवस पाणी तुंबले की मोगरा गुदमरतो, हे तुम्हा वाडीवाल्यांना मी काय सांगावे.

शोषखड्डे खणू, असे कोणी सुचवले. डिसेंबरात खणाल तर छान दिसतील. पण श्रावणात आपल्या विहिरींचे पाणी हाताला लागते, तेव्हा शोषखड्डा खालूनच भरलेला असतो, वरचे पाणी तो घेणार कुठून? त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती असली की खाडीकडचा नाला पाणी ओढत नाही. अशा वेळी चार-सहा तास पाणी धरून ठेवायला जागा लागते. ती जागा म्हणजे बावखल. आपल्या वाडवडिलांनी ही बावखले राखली, त्यांवर शिंपणे केले, त्यांनीच विहिरी गोड ठेवल्या. जुलै २०१८ मध्ये वसई आणि नालासोपारा कित्येक दिवस पाण्यात होते, तेव्हा भरावाला आणि बुजवलेल्या पाणवाटांना आपण सर्वांनी दोष दिला. हरित वसईच्या मोर्च्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यामागून चाललेले कितीतरी जण आजही पहिल्या मिस्साला पुढच्या बाकांवर बसतात. बिल्डरच्या डंपरला अडवणाऱ्यांनी चर्चच्या डंपरला वाट करून द्यावी काय?

भेंडाच्या झाडांविषयी फार लिहीत नाही. त्यांची मुळे बांध धरून ठेवतात, सावली शेजाऱ्यांच्या ओट्यावर पडते. पाम रिसॉर्टला शोभतात.

म्हणून इंजिनिअरना मी नकाशा परत दिला आहे. सभागृह खांबांवर उचलता येईल का, भराव टाळता येईल का, वाहनतळ निम्मे करून बाकीची जमीन उघडी ठेवता येईल का, छपराचे पाणी थेट बावखलात नेऊन त्याचा सांडवा नाल्याला जोडता येईल का, हे ते पाहत आहेत. खर्च वाढेल, आणि येत्या नाताळात सभागृह मिळणार नाही. ज्या दोन कुटुंबांनी तिथे जानेवारीतली लग्ने धरली होती त्यांच्याशी मी बोललो आहे. एकाने समजून घेतले, दुसरे अजून नाराज आहेत, आणि त्यांचे नाराज असणे मला कळते.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. अर्ज देणारी सर्व ११ कुटुंबे येणार आहेत, त्यांना पुढच्या खुर्च्या द्याव्यात. पालकीय मंडळाच्या सभासदांनी वेळेवर यावे. घरातल्या वयस्क माणसांना अवश्य आणा. पूर्वी पाणी कुठून कुठे वाहत होते हे नकाशात नाही, त्यांच्या आठवणीत आहे.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू