खड्ड्याच्या कांठीं जेवण

शास्त्रपाठ: उत्पत्ति 37:12–28, 42:21, 22



जून महिना आला म्हणजे पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतील खेड्यांतून पुष्कळ मुलें माध्यमिक शिक्षणाकरितां छत्रपती संभाजीनगरास, ज्यास आपल्यांतील वडील मंडळी अजून औरंगाबादच म्हणतात, जातात. कोणी वसतिगृहांत राहतें, कोणी नातलगांकडे, कोणी रोज एस. टी. नें ये-जा करितें. त्यांच्या फीची, पुस्तकांची, गणवेशाची चिंता आपण वाहतों. मधल्या सुटींत तीं कोणाच्या तावडींत सांपडतात, हें मात्र आपण फारसें विचारीत नाहीं. म्हणून योसेफाची गोष्ट आज पुन्हा वाचावी असें आम्हांस वाटतें.

योसेफ सतरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या अकरावी-बारावींतील मुलाएवढा. भावांनीं त्यास दुरून येतांना पाहिलें तेव्हां प्रथम हात उगारला नाहीं. प्रथम नांव ठेविलें. स्वप्नें पाहणारा, हें तें नांव. शाळेंतील छळही बहुधा असाच आरंभतो. बोली खेडवळ आहे, रंग काळा आहे, बाप मजुरी करितो, आडनांव अमुक जातीचें आहे, किंवा मूल ख्रिस्ती आहे, एवढें पुरतें. नांव पडलें कीं हात अंगावरील वस्तूंकडे वळतो. योसेफाचा पायघोळ झगा काढून घेतला. येथें वही फाडितात, डबा उपडा करितात, खाऊचे पैसे मागतात. आतां तर मोबाइलवर चित्र काढून तें वर्गभर पाठवितात, म्हणजे शाळा सुटली तरी छळ सुटत नाहीं.

त्यास खड्ड्यांत टाकल्यावर ते भाऊ भाकर खावयास बसले. या वाक्यापाशीं आम्ही नेहमीं थांबतों. दहाही जणांनीं त्यास ढकललें नसेल. पण जेवावयास बसणारे पुष्कळ होते. वर्गांतही मारणारे एक-दोन असतात. बाकीचे डबा उघडून बसतात, आणि त्यांच्या बसण्यानेंच मारणाऱ्यास बळ येतें.

आणखी एक गोष्ट पाहा. योसेफ रडला काय? सदतिसाव्या अध्यायांत त्याविषयीं एक शब्दही नाहीं. त्यानें काकुळतीनें विनवणी केली होती हें आपणांस बेचाळिसाव्या अध्यायांत कळतें, आणि तेंही छळणाऱ्यांच्याच तोंडून, वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. (हिशेब करावयाचा असेल त्यानें 37:2, 41:46 व 41:53 हीं वचनें जोडून पाहावीं.) छळलेल्या मुलाचें रडणें घरीं असें उशिरां पोंचतें. सोमवारीं सकाळीं पोट दुखतें, डबा तसाच परत येतो, पेन वारंवार हरवतें. मूल सांगत कांहींच नाहीं. शाळा कशी आहे असें विचारल्यास बरी आहे एवढेंच उत्तर मिळतें. त्याऐवजीं, मधल्या सुटींत तूं कोणाबरोबर जेवतोस, असें विचारावें.

याच शहरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 1950 सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें महाविद्यालय उघडलें. तेंच आजचें मिलिंद महाविद्यालय. तें उघडणारा पुरुष लहानपणीं सातारच्या शाळेंत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे, आणि तहान लागली तर शिपायानें नळ सोडिल्याशिवाय त्यास पाणी मिळत नसे. शिपाई नाहीं, तर पाणी नाहीं. हें त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविलें म्हणून आपणांस ठाऊक आहे. ज्यांनीं कधीं लिहिलें नाहीं अशीं मुलें किती असतील!

आतां रऊबेन. हा वडील भाऊ, मनानें वाईट नव्हे. मागाहून गुपचूप येऊन योसेफास सोडवावें असा त्याचा बेत होता. तो आला तेव्हां खड्डा रिकामा होता. आमच्या मतें शाळांतून व घरांतून रऊबेन फार झाले आहेत. परीक्षा होऊं द्या, मग पाहूं, असें ते म्हणतात. कायदा असा विलंब मानीत नाहीं. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यांत वसतिगृहेंही येतात. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानें सात दिवसांच्या आंत चौकशी करावी, आणि त्यानें हयगय केल्यास तोच गुन्ह्यास साहाय्य करणारा समजावा, असें त्यांत आहे. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करणें मना केलें आहे. म्हणजे शिक्षकाचा हातही बांधला आहे. शाळाशाळांतून सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा 2022 सालचा निर्णय आहे. 1098 हा दूरध्वनी मुलांकरितां रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो.

तेव्हां तक्रार लेखी द्यावी. तारीख, जागा व घडलेली गोष्ट स्पष्ट लिहावी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी. ज्या आईबापांस लिहितां येत नाहीं त्यांच्याबरोबर उपदेशकानें मुख्याध्यापकांकडे जावें. हेंही त्याचें सेवेचेंच काम आहे. फाटकाशीं उभें राहून दुसऱ्याच्या मुलास चोपूं नये. आणि आपल्या मुलास, दुसरा गाल पुढें कर, एवढेंच सांगून परत पाठवूं नये. खड्ड्यांतील मुलास दोर पाहिजे. महायाजकापुढें शिपायानें चपराक मारिली तेव्हां प्रभूनें स्वतः त्यास मारण्याचें कारण विचारिलें (योहान 18:22, 23). विचारणें हें सूड घेणें नव्हे.

छळणारें मूल आपल्याच घरचें निघालें तर? योसेफास विकण्याची युक्ति यहूदाची. तोच यहूदा पुढें बन्यामिनाच्या ऐवजीं मला दास करून ठेवा म्हणून उभा राहिला. मधल्या वर्षांत तामारेच्या बाबतींत त्यानें आपला दोष चारचौघांत कबूल केला होता. आपल्या मुलाकडूनही घेतलेली वस्तु परत देववावी, आणि ज्यांच्यादेखत अपमान केला त्यांच्यादेखतच क्षमा मागवावी. यहूदास कोणी चोपून शहाणें केलें, असें शास्त्रांत कोठेंही नाहीं.