कव्हरखालची गाडी

आज रविवार आहे असं धरू. सकाळचे सव्वासहा. दूधवाला येऊन गेलाय, पेपरवाला यायचाय. घरचे झोपलेत. तुम्ही खाली पार्किंगमध्ये आलात आणि आपल्या दोन गाड्यांच्या मधे उभे आहात. मोबाइल वरच राहिलाय. बरं झालं.

बसा. पायरीवर, कट्ट्यावर, उपडी घातलेली बादली असेल तर तिच्यावर. लगेच काही करायचं नाहीये. नुसतं पाहायचंय.

ज्यांच्याकडे एकच गाडी आहे, किंवा तीही नाही, त्यांनी उठून जायचं कारण नाही. मनातली आणा. रस्त्यानं चालताना जिचा आवाज आला की आपली मान आपसूक वळते, ती. मालकीचा कागद या बैठकीत कोणी मागणार नाही.

आधी रोजच्या गाडीकडे पाहू. सोपं वाटतं, पण करून बघा. तिचा आरसा डावा ढिला आहे की उजवा? सीटची शिवण कुठे उसवलीय? आठवत नाही ना? आपण तिच्यावर वर्षाला हजारो किलोमीटर बसतो आणि ती आपल्याला दिसत नाही. हिरो होंडानं १९८५ साली सीडी १०० बाजारात आणली, तेव्हा जाहिरातीचा सूर हाच होता : पेट्रोल भरा आणि विसरून जा. ही थट्टा नव्हे. पहाटेच्या शिफ्टला निघालेल्या माणसाला, मुलीला क्लासला सोडणाऱ्या आईला, पावसात भाजी घेऊन परतणाऱ्याला विसरता येणारीच गाडी लागते. ती कुरकुरत नाही, म्हणून आपलं लक्ष दुसरीकडे जाऊ शकतं : हप्त्याकडे, साहेबाकडे, उद्याच्या डब्याकडे. सिग्नलला उभं असताना आपण तिच्यावर असतोच कुठे?

तिच्या टाकीवर एकदा हात ठेवा. एवढं आज करू तिच्यासाठी.

आता दुसरीकडे वळा. कव्हर काढू नका इतक्यात. कव्हराखालचा आकार पाहा. हँडलची दोन टोकं, टाकीचा उंचवटा, मागे सीटचा उतार. झोपलेल्या माणसावर चादर असावी तसं. मांजराच्या पावलांचे ठसे असतील, कबुतरांनी आपलं काम केलेलं असेल.

माझ्या कव्हराखाली येझ्दी आहे. तुमच्याकडे वेगळी असेल. एखाद्याकडे आरएक्स १०० असते : ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर, आणि अंगानं इतकी हलकी की मूठ पिळली की पुढचं चाक विचारात पडतं. कुणाकडे बीड इंजिनाची, म्हणजे ओतीव लोखंडाची जुनी बुलेट. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक. तिला किक मारण्याआधी अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जागेवर आणायचा, आणि मगच पाय टाकायचा. घाई केली तर ती उलटी किक मारून पोटरीवर सही करते. कुणाकडे राजदूत ३५०, यामाहाच्या आरडी ३५०चा फरिदाबादेत घडलेला अवतार. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि एवढ्या वेगाला आवरायला पुढे ड्रम ब्रेक. डोंगर चढायला हिमालयन किंवा एक्सपल्स घेतलेलेही आहेत. माझ्या एका मित्राची दुसरी गाडी लुना आहे. हसू नका. नगरला बनलेली, पायडलवाली, पन्नास सीसीची. ऑफिसला तो कारनं जातो आणि रविवारी लुनावर मंडईत. त्याच्याइतका सुखी वाहनमालक मी पाहिलेला नाही.

वीस-वीस लाखांच्या परदेशी गाड्यांबद्दल मी फार बोलणार नाही. त्या सुंदर असतात. पण पुण्याच्या वाहतुकीत त्यांच्या इंजिनाच्या उष्णतेनं मांड्या भाजून घेणाऱ्यांकडे पाहिलं की मला त्यांची गाडी नाही, तिचे हप्ते दिसतात.

आता कव्हराकडे पाहत असतानाच एक प्रश्न मनात सोडा. उत्तर शोधू नका. पाण्यात खडा टाकावा तसा सोडा. ही गाडी कुणालाही कधीच दिसणार नसती, फोटो नाही, रॅली नाही, सोसायटीतल्या पोरांचे डोळे नाहीत, तर मी ती ठेवली असती का?

थोडं थांबा. श्वास चालू राहू द्या.

माझं उत्तर दर वर्षी बदलतं. काही वर्षं मी केवळ 'माझ्याकडे आहे' हे सांगण्यासाठी ती ठेवली होती. त्या काळात टाकी आतून गंजली, टायरांना चिरा गेल्या, आणि मी मात्र चारचौघांत तिच्याबद्दल तासभर बोलू शकत होतो. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडून आतला चिकट पिवळा थर दाखवला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही हिला ठेवलीय की पुरलीय?" पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. उभ्या गाडीला ते जास्त बाधतं. चालणारी गाडी बिघडते ती दुरुस्त होते. उभी गाडी आतून जाते आणि कळतही नाही.

चला, आता कव्हर काढा. झटक्यानं नको. मागून पुढे गुंडाळत आणा.

वास घ्या. जुनं रबर, पेट्रोल, त्यात मिसळलेलं टू-टी ऑइल. या वासाबरोबर काय वर येतं ते येऊ द्या. कुणाला काकांच्या पुढ्यात टाकीवर बसून केलेला प्रवास आठवेल. कुणाला गणपतीत गावी जाताना घाटात बाहेर काढलेलं फडकं, म्हणजे प्लग पुसायचं फडकं, कारण तेव्हा गाडीबरोबर फडकं आणि पॉलिश पेपर न्यायचाच असे. मला वडिलांची खाकी पँट आठवते. डाव्या घोट्याजवळ कायम काळपट डाग. आई तो घासून घासून थकली. डाग डाव्याच पायाला का, हे मला फार उशिरा, स्वतः येझ्दी घेतल्यावर उमगलं. त्याकडे येऊच.

या गाडीचं नाव मला नेहमी थोडा वेळ थांबवतं. प्रागमध्ये यानेचेक नावाच्या उद्योजकानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचं मोटारसायकलचं काम विकत घेतलं. दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून झाली जावा. ती १९६१पासून म्हैसूरला यादवगिरीच्या कारखान्यात बनू लागली, आयडियल जावा या नावाखाली. कारखाना इराणी कुटुंबाचा. पुढे सत्तरच्या दशकात चेक नाव गेलं आणि गाडीवर नवं नाव आलं, येझ्दी. इराणमधलं यझ्द हे झरथुष्ट्री लोकांचं जुनं गाव. आपल्याकडच्या इराणी हॉटेलांतल्या बनमस्क्यामागे ज्या मुलखाची आठवण आहे, तीच या टाकीवर लिहिलेली. म्हणजे चेक यंत्र, इराणी आठवण, म्हैसूरचे कामगार, आणि धूर आमच्या आळीत. कारखाना १९९६ साली बंद पडला. नाव पुढे नव्या गाड्यांवर परत आलं, ते ठीकच. पण कव्हराखाली आहे ती त्या बंद कारखान्याची.

टाकीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवा. फक्त तेवढंच.

पन्नास वर्षं पार केलेल्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार 'विंटेज' म्हणून नोंदणी घेता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. तशी नोंदणी घेतली की ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला गंमत वाटते. दुसरी गाडी म्हणजे काय, याची व्याख्या सरकारनं करून टाकली.

उठा आता. पेट्रोलचा कॉक उघडा. चोक ओढा. डाव्या बाजूला उभे राहा, कारण येझ्दीची किक डावीकडे. आणि ती वेगळी किक नाहीच. गिअरचीच लिव्हर आत दाबून वर फिरवली की तिची किक होते. मारून झाली की पुन्हा जागेवर पाडायची, की ती गिअर. एकाच लोखंडाला दोन कामं. एकच डावा पाय. वडिलांच्या पँटवरचा डाग तिथला.

पहिली किक बहुधा वाया जाते. दुसरीही. रोजच्या गाडीवर हे झालं असतं तर तुम्ही आत्तापर्यंत चिडला असतात. आता बघा, चीड येतेय का? तिसऱ्या किकेच्या आधी क्षणभर पाय लिव्हरवर नुसता टेकवून ठेवा. तिथे आतला दाब तळव्याला कळतो. कुठे अडतंय, कुठे सुटतंय. या एका क्षणात तुमच्या डोक्यात हप्ता नाही, साहेब नाही, उद्याचा डबा नाही. तळव्याखालचा दाब आहे.

माझ्यापुरतं सांगतो, मी पार्किंगची जागा, दरसालचा विमा आणि बायकोचे टोमणे याच क्षणासाठी भरतो. ती लक्ष मागते, आणि अर्धवट लक्ष चालवून घेत नाही. देवघरात बसून मला हे जमलेलं नाही.

धरली. दोन्ही सायलेन्सरमधून धूर. थोडा वेळ तिला तशीच चालू राहू द्या. टू-स्ट्रोकचं आयडलिंग एकसारखं नसतं; मधेच एक ठोका चुकतो, मग सावरतं. ऐका. चुकलेल्या ठोक्याची वाट पाहा. तो आला की जाऊ द्या.

आणि निघा. हळू.

स्वारगेट मागे पडलं, भारती विद्यापीठ गेलं. कात्रजचा जुना घाट चढायला लागलोय. या वेळी ट्रक कमी असतात. दुसरा गिअर, तिसरा, वळणावर पुन्हा दुसरा. या गाडीत गिअरची लिव्हर दाबली की क्लच आपोआप सुटतो, हात न लावताही. सवय नसलेल्याला ते जादूचं वाटतं. वळणावर मागे शहर दिसतं, धुक्यात पसरलेलं. पाहू नका. रस्ता पाहा. जुना बोगदा आला. आत शिरताना स्वतःच्याच गाडीचा आवाज भिंतींवरून परत येतो, दुप्पट होऊन. बहुतेक जण इथे उगाच मूठ पिळतात. मीही.

बोगद्यापलीकडे उतार लागतो. इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचंय, कारण या उतारावर मी एक गोष्ट चुकीची करत आलो होतो.

उतार आला की आपण मूठ सोडतो. रोजच्या गाडीवर ते बरोबरच आहे, पेट्रोल वाचतं. पण या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरमागे ३०-४० मिली. पिस्टनला वेगळा तेलाचा साठा नाही. मूठ पूर्ण बंद केली की पेट्रोल थांबतं, आणि पेट्रोलबरोबर तेलही. चाकं मात्र उताराला लागून धावतायत, इंजिनाला फिरवतायत, पिस्टन वर-खाली होतोय, कोरडा. लांब उतारावर असं केलं तर तो तापतो, फुगतो आणि सिलिंडरला पकडतो. इंजिन जाम, मागचं चाक जाम. माझ्या बाबतीत ते शिंदेवाडीच्या अलीकडे झालं. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून हे सांगायला आहे.

तेव्हापासून उतारावर मी मधूनमधून मूठ थोडी उघडतो. काहीच गरज नसताना. वेग वाढवायला नाही, तेल पोचवायला.

तुम्हीही आता तसंच करा. एक वळण. मूठ मिटलेली. श्वास. आणि थोडीशी उघडा. इंजिन हुंकारेल. पुन्हा मिटा. पुन्हा एक वळण. आपल्या दिवसांत असे लांब उतार कोणते आहेत, जिथे सगळं आपोआप चाललंय आणि आत कोरडं पडतंय, ते आठवावंसं वाटलं तर आठवा. नाही वाटलं तर वळण पाहा. तेही पुरे आहे.

खाली आलात. टपरी दिसेल. गाडी मेन स्टँडवर लावा, कॉक बंद करा, चहा सांगा. इंजिन बंद झाल्यावर तापलेल्या फिन्स निवताना टिक, टिक करतात. चहा येईपर्यंत तेवढंच ऐका.

आणि मग तो माणूस येईल. हमखास येतो. पन्नाशी-साठीचा, बहुधा पायी, कधी कधी हातात दुधाची पिशवी. लांबूनच गाडीभोवती एक फेरी मारेल. "येझ्दी ना? कितवं मॉडेल?" तुम्ही सांगाल. "आमच्या मामांकडे होती. ताम्हिणीतून ट्रिपल सीट आणलीय आम्ही. पार्ट मिळतात का हो अजून?" तो टाकीवर हात ठेवत नाही, वर दोन बोटं अंतर ठेवून हात नुसता धरतो, शेकोटीवर धरावा तसा. दुसरी गाडी कागदावर एकाच्या नावावर असते. रस्त्यावर ती अशा बऱ्याच जणांची असते, आणि यात काही आपल्या खिशातून जात नाही.

मग तो जरा घुटमळेल. हे विचारू की नको, असं.

"एक किक मारू का?"

हो म्हणा. चहाचा ग्लास बाजूला ठेवा आणि कॉक उघडून द्या. काही शिकवायला जाऊ नका. तो वळसा घालून डावीकडेच येईल. दुधाची पिशवी खाली ठेवेल, चप्पल नीट रोवेल, आणि खाली न पाहता लिव्हर आत दाबून वर फिरवेल.