मेकेदाटूचा पेच

कावेरीवर मेकेदाटू येथे कर्नाटक सरकारने सुचवलेले सुमारे 67 टीएमसी क्षमतेचे धरण मुख्यतः बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. त्यात सुमारे 5,000 हेक्टर जमीन बुडेल. त्यातले बहुतेक जंगल, आणि बराच भाग कावेरी अभयारण्याचा. तमिळनाडूशी असलेला पाणीतंटा बाजूला ठेवला, तरी एक नैतिक पेच उरतोच.

पूर्वपक्ष म्हणतो: शहराला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. 2024च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या, वस्त्या टँकरवर जगल्या. तहानलेल्या माणसापुढे माशाचा हक्क कसा मोठा?

उत्तरपक्ष: तो मासा म्हणजे कुबडा महसीर. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे म्हणून राखलेले मासे त्याचेच भाऊबंद. 50 किलोपर्यंत वाढणारा हा मासा जगात फक्त कावेरी खोऱ्यात आहे आणि 2018 पासून अतिसंकटग्रस्त ठरला आहे. त्याला खळाळते पाणी, खोल डोह आणि विणीसाठी वर चढायला मोकळी वाट लागते. धरणाच्या संथ फुगवट्यात यातले काहीच उरत नाही. काठचे अर्जुनवृक्ष बुडाले की त्यांवर राहणारी करडी शेकरूही जाते.

पूर्वपक्ष: हळहळ रास्त आहे. पण एका जातीवाचून माणसांचे काय अडते?

उत्तरपक्ष: नदीवाचून अडते, आणि बंगळुरूने ते भोगले आहे. हेसरघट्टा (1894) आणि तिप्पगोंडनहळ्ळी (1933) हे अर्कावती नदीवरचे जलाशय एकेकाळी शहराला पाणी पाजत. पुढे अर्कावती रोडावली. तिला मिळणारी वृषभावती शहरातच उगम पावते आणि आज सांडपाणी वाहते. काठची झाडे माती धरतात, पाणथळी गाळ अडवतात, सूक्ष्मजीव मैला पचवतात. ही मंडळी गेली की पात्रात पाणी असूनही ते प्यायच्या कामाचे राहत नाही.

पूर्वपक्ष: नदी पुन्हा जगवायला पिढी जाईल, तहान आजची आहे.

उत्तरपक्ष: धरणालाही वर्षे लागतातच. शिवाय दोन्ही नुकसाने सारखी नाहीत. पाण्याला झालेला उशीर भरून काढता येतो, नामशेष झालेली जात परत आणता येत नाही. म्हणून गळती रोखली, पावसाचे पाणी साठवले, सांडपाणी शुद्ध करून वापरले, तरीही पाणी पुरत नाही, हे आधी सिद्ध करण्याची जबाबदारी धरण मागणाऱ्यांची आहे.

उत्तरपक्षाचे पारडे इथे जड ठरते. पूर्वपक्षाची एक अट मात्र त्याला मान्य करावीच लागते: थांबण्याची झळ टँकरवरच्या वस्त्यांना बसता कामा नये. 2018 पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारचे तलाव भरते आहे. तसेच पाणी शहरातील बांधकामे, उद्याने आणि कारखान्यांना दिले, तर वाचलेली कावेरी आधी त्या वस्त्यांच्या नळाला यायला हवी.