राखण

चैत्र पौर्णिमेच्या संध्याकाळी नेरुळमधल्या एका सोसायटीच्या फाटकासमोर गावदेवीची पालखी थांबलेली पाहिली. तिथे देऊळ नाही, झाड नाही, साधा दगडसुद्धा नाही. आजूबाजूला उभ्या केलेल्या गाड्या आणि गटाराची जाळी. तरी भोई थांबले, खालूबाजा थांबला आणि एका म्हाताऱ्या बाबांनी जाळीच्या कडेला नारळ वाढवला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, इथे उघारी होती. आगरी जिभेवर ‘ड’चा ‘र’ होतो. शब्द ‘उघाडी’.

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातली झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की ती मिटते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं. ठाण्याच्या खाडीपासून अलिबागच्या खारेपाटापर्यंत या एका झडपेवर भात पिकत आलं. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी खाचरात शिरलं, की जमीन पुन्हा गोडी व्हायला कितीतरी पावसाळे लागत. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी. मीठ पिकवणाऱ्यांनाच मिठाची सगळ्यात जास्त भीती, हे मला या मुलखाच्या श्रद्धेचं मूळ वाटतं. गावदेवी गावात बसते, कुळाची एकवीरा कार्ल्याच्या डोंगरावर, बौद्ध लेण्याच्या दाराशी; पण चेडोबासारखा राखणदार शिवेवर, बांधावर, जिथून पाणी यायचं तिथे. त्याला नारळ-कोंबडं देणं म्हणजे ‘राखण देणं’. राखण द्यायला माणसं बांधावर गेली की बांधही डोळ्यांखालून जाई. खेकड्यांनी कुठे पोखरलंय, कुठे चिखल घालायला हवा, ते त्याच फेरीत कळे. पूजा आणि डागडुजी यांत भेद करायची गरज त्या लोकांना कधी पडली नाही, आणि आपण तो करावा असं मला वाटत नाही.

राखणदारांचा हा मुलूख कोणत्याही नकाशात सापडत नाही. तो लग्नात ऐकू येतो. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, आणि जुन्या रीतीत लग्न लावण्याचा मान तिचाच. मी ऐकलं ते एका हळदीच्या रात्री. बाहेर डीजे, आत पाटावर तांदूळ, उंबराची डहाळी, आणि सत्तरीच्या बाई डोळे मिटून एकेका देवाला आवतण देत होत्या. सूर जेमतेम तीन-चार स्वरांचा, पण क्रम काटेकोर. गावदेवी, कुळदेवी, मग शिवेवरचे राखणदार. तेराव्या शतकात महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. त्या नावाचा गानप्रकार मराठीत तेव्हापासून बायकांच्या तोंडी आहे. इथे तो अजून मंगलविधी आहे. बाईंच्या आवतणातल्या शिवेवरच्या दोन जागांवर आज इमारती आहेत. त्यांनी त्या गाळल्या नाहीत.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी लागल्या. जमिनीच्या भावासाठी लोक लढले. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. ते फार मोठं यश होतं. पण मोजणी झाली ती गुंठ्यांची. राखणीच्या जागेला सातबाऱ्यावर रकाना नव्हता.

आणि उघाडी? ती गेलीच नाही, हे मला फार उशिरा कळलं. भरावावर उभ्या राहिलेल्या या सखल शहरासाठी डच धर्तीवर धारण तलाव बांधले. त्यांच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. खारेपाटाच्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. आता तलावांत गाळ साचतो, कांदळवन वाढतं, आणि जोराच्या पावसात भरती आली की रस्ते भरतात. त्या झडपेपाशी वर्षातून एकदा अख्ख्या वस्तीने जावं असा कोणताही दिवस शहराने ठरवलेला नाही.

तिकडे उलव्याची टेकडी विमानतळासाठी फोडून सपाट केली, गावं उठली, देवही नव्या जागी गेले. देवीला नवं देऊळ बांधून देता येतं. तिची शीव कशी हलवायची, याचं उत्तर मला धवल्यातसुद्धा मिळालेलं नाही.

पालखी उचलायच्या आधी बाबांनी बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. उधाणाची भरती. आता पाच वाजले होते, ओहोटी. जाळीखालून पाणी खाडीकडे जात असल्याचा आवाज येत होता. बाबा थोडे वाकून तो ऐकत राहिले, मग त्यांनी भोयांना हात केला.