लॉगिनपूर्वीची जागृती

पासवर्डाने संरक्षित केलेला संगणक सुरू झाला आहे, परंतु त्याच्या मालकाने अद्याप लॉगिन केलेले नाही, अशा अवस्थेत तो दुरून हाताळता यावा ही अपेक्षा वरवर पाहता निव्वळ सोयीची वाटते. तथापि तिच्या पोटात भारतीय दर्शनांनी दीर्घकाळ खल केलेला एक प्रश्न आहे, तो असा की, स्वामी निद्रिस्त किंवा अनुपस्थित असताना त्याच्या नगरात जागे कोण असते, आणि त्या काळात जे घडते ते कोणाचे मानायचे. प्रश्नोपनिषदातील चौथ्या प्रश्नात सौर्यायणी गार्ग्य पिप्पलाद ऋषींना यातील पहिला भाग जवळजवळ याच रूपात विचारतो. पिप्पलादांच्या उत्तराचा आशय असा की, झोपेत सर्व इंद्रिये मनात एकवटतात, म्हणून झोपलेला मनुष्य पाहत नाही की ऐकत नाही. देहरूपी नगरात जागे राहतात ते प्राणांचे अग्नी. तेथे अपानाला गार्हपत्य म्हटले आहे, म्हणजे यजमानाच्या घरी अखंड राखला जाणारा आणि ज्यातून आहवनीय अग्नी नेला जातो तो अग्नी.

संगणकातील रचना या रूपकाला अनपेक्षितपणे जवळची आहे. दूरस्थ प्रवेश देणारी प्रणाली दोन प्रकारे चालू करता येते: मालकाच्या लॉगिननंतर त्याच्या नावाने सुरू होणारा साधा प्रोग्राम म्हणून, किंवा यंत्र चालू होताच, कोणाचीही वाट न पाहता सुरू होणारी सर्व्हिस म्हणून. पहिला प्रकार इंद्रियांसारखा आहे, कारण यंत्र पुन्हा सुरू झाले आणि लॉगिन झाले नाही की तो नाहीसाच असतो. दुसरा गार्हपत्यासारखा आहे. विंडोजमध्ये व्हिस्टा आवृत्तीपासून सर्व्हिसेसना ‘सेशन शून्य’ या वेगळ्या दालनात ठेवले जाते आणि पहिल्या वापरकर्त्याला सेशन एक मिळते, त्यामुळे प्राण आणि स्वामी यांची दालने अक्षरशः निराळी झाली. याहून खालच्या पातळीवर, यंत्र बंद असतानाही नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते, आणि ‘वेक-ऑन-लॅन’ या पद्धतीत स्वतःचा पत्ता 16 वेळा ओळीने आलेला ओळखला की ते यंत्राला उठवते. झोपलेल्या माणसाला नावाने हाक मारून जागे करतात, त्याचेच हे काहीसे हट्टी रूप होय.

अडचण उद्भवते ती या जाग्या असलेल्याला आपले काम करण्यासाठी झोपलेल्याच्या खोलीतील वस्तू लागते तेव्हा. लिनक्समधील ‘एसएसएच’ ही सर्व्हिस लॉगिनपूर्वीच दार उघडून बसलेली असते, पण कोणाला आत घ्यायचे याची यादी सामान्यतः मालकाच्या होम फोल्डरमध्ये असते. तो फोल्डर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीवाचून वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेला असेल, तर द्वारपाल जागा आहे आणि यादी मात्र कुलपात आहे, अशी स्थिती होते. यावर यादी बाहेर, यंत्राच्या सामाईक भागात ठेवणे हा सरळ उपाय आहे. संपूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट असेल तर सर्व्हिसचा प्रोग्रामदेखील आत अडकतो, आणि म्हणून काही जण आरंभीच्या छोट्या, न झाकलेल्या भागात एक लहानसा सर्व्हर ठेवतात, ज्याचे काम दुरून आलेली किल्ली स्वीकारून डिस्क उघडण्यापुरतेच असते. याउलट आपोआप लॉगिन होऊ देण्याचा प्रचलित उपाय हा प्रश्न सोडवत नाही, तर पुसून टाकतो, कारण त्यात अनुपस्थित स्वामी उपस्थित असल्याचे जाहीर केले जाते. यंत्रही या बतावणीला पुरते फसत नाही: अनेक लिनक्स संगणकांवर स्वयंचलित लॉगिननंतरही पासवर्डांची तिजोरी बंदच राहते, कारण ती उघडणारा शब्द कोणी उच्चारलेलाच नसतो.

आता लॉगचा, म्हणजे कोण कधी आले याच्या यंत्राने ठेवलेल्या नोंदीचा विचार करावा. अद्वैत वेदान्ती सुषुप्तीत, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेत, साक्षिचैतन्य असते असे मानतात. त्यांचा युक्तिवाद असा की, ‘सुखाने झोपलो, काहीच कळले नाही’ हे जागे झाल्यावरचे स्मरण आहे, आणि अनुभवावाचून स्मरण होत नाही. नैयायिक हे नाकारतात. त्यांच्या मते ज्ञान हा आत्मा व मन यांच्या संयोगातून उत्पन्न होणारा गुण असल्याने गाढ झोपेत ते नसते, आणि जागे झालेला मनुष्य आपल्या अज्ञानाचे केवळ अनुमान करतो. सकाळी लॉग वाचून ‘रात्री कोणीतरी आले होते’ असे म्हणणारा मालक निश्चितपणे नैयायिकांच्या बाजूला आहे, कारण त्याला स्मरण नाही, फक्त चिन्ह आहे. येथे नोंद आहे आणि साक्षी नाही, एवढे तरी संगणक दाखवून देतो. अद्वैती यावर म्हणेल की, वाचली जाईपर्यंत ती नोंद कोणाचीच नव्हती, आणि हे उत्तर दुर्बळ नाही. मात्र त्याने साक्षी सिद्ध होतो तो वाचणाऱ्यात, यंत्रात नव्हे.

कर्तृत्वाच्या प्रश्नाला वेदान्तापेक्षा मीमांसा, म्हणजे वैदिक कर्माचा विचार करणारे दर्शन, अधिक उपयोगी पडते. सर्व्हिसचे सामर्थ्य पुष्कळदा मालकाच्या खात्याहूनही मोठे असते, तरी तिचे स्वतःचे असे काहीच नसते. यज्ञात ऋत्विज सारी कर्मे करतो आणि फळ यजमानाचे असते, तसा हा प्रकार आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा, म्हणजे बदली वस्तू वा व्यक्तीचा, विचार येतो: व्रीही, म्हणजे भात, मिळाले नाहीत तर नीवार, म्हणजे रानटी भात, चालतात, परंतु फळाचा स्वामी जो यजमान, त्याला प्रतिनिधी नाही. अपवाद सत्राचा, ज्यात किमान 17 यजमान मिळून याग करतात. त्यांतील एखादा मेला तर संख्या भरण्यासाठी दुसरा घेता येतो, मात्र तो स्वामी होत नाही. मालकाचा पासवर्ड घेऊन दुरून आत आलेल्या सहकाऱ्याची स्थिती नेमकी या बदली माणसाची आहे, आणि यंत्र, जे मूळ पासवर्डही न साठवता केवळ त्यापासून काढलेल्या खुणेशी पडताळणी करते, त्याला खुशाल यजमान म्हणून नोंदवते.