यष्टींमागचा हिशेब

धावफलकावर उमटते तेवढ्यालाच कर्तृत्व मानण्याची सवय प्रेक्षकाला इतकी जडलेली असते, की ज्याचे निम्मे काम फलकावर उमटतच नाही अशा खेळाडूच्या वाट्याला दोष तत्काळ आणि श्रेय उशिरा येते. अमेरिकी फुटबॉलमध्ये हे प्राक्तन क्वार्टरबॅकचे, म्हणजे चालीच्या आरंभी चेंडू हाती घेऊन तो कोणाकडे धाडायचा हे क्षणार्धात ठरवणाऱ्या खेळाडूचे असते. क्रिकेटमध्ये त्याच्या सर्वांत जवळ जाणारा म्हणजे यष्टिरक्षण करणारा कर्णधार. डावातल्या प्रत्येक चेंडूला तो वाकतो, उठतो, आणि क्षेत्ररचना व गोलंदाजीतले बदल यांचा भारही त्याच्याच डोक्यावर असतो. विदर्भाचा अक्षय वाडकर हा अशांपैकी एक असून, मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून झालेला १६९ धावांचा पराभव एवढ्यावरूनच त्याचा तो हंगाम जोखला, तर अन्याय होतो.

त्या सामन्यात विदर्भाची चूक उघड होती. नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतल्यावर मुंबईची अवस्था ६ बाद १११ झाली, तरी शार्दूल ठाकूरच्या ७५ धावांनी तिला २२४ पर्यंत नेले आणि उत्तरादाखल विदर्भाचा डाव १०५ धावांत आटोपला, ज्यात खुद्द कर्णधाराचीही बॅट चालली नाही. हे लपवून त्याची वकिली करण्यात अर्थ नाही. मात्र मुंबईच्या दुसऱ्या डावानंतर समोर आलेले ५३८ धावांचे लक्ष्य कोणत्या जातीचे होते, हे ध्यानात घ्यावे लागते. रणजीच्या इतिहासात तोवर यशस्वी झालेला सर्वांत मोठा पाठलाग, म्हणजे चौथ्या डावात लक्ष्य गाठण्याचा पराक्रम, ३७८ धावांचा होता, आणि तोही रेल्वेने त्याच हंगामात त्रिपुराविरुद्ध केलेला. अशा वेळी सामना सोडून देणे सोपे असते. वाडकरने आधी करुण नायरच्या आणि मग हर्ष दुबेच्या साथीने खिंड लढवली; दुबेबरोबर १३० धावांची भागीदारी झाली, पाचव्या दिवशीचे उपाहारापर्यंतचे सगळे सत्र एकही गडी न गमावता निघाले आणि ५ बाद ३५३ पर्यंत मुंबईला घाम फुटलेला होता. तनुष कोटियनने त्याला १०२ वर पायचीत केले आणि उरलेले सगळे १५ धावांत गळाले.

ही गळ मध्य प्रदेशातल्या तिगावच्या वाचकाला परकी नाही. पांढुर्णा-सौंसरच्या संत्रापट्ट्यात बहार धरण्यासाठी झाडांचे पाणी काही काळ तोडतात, याला ताण देणे म्हणतात. ताणातून निभावलेल्या झाडाची फळे पुढे वाऱ्याने झडली, तर बागवानाची अक्कल काढणारे गावात भेटतात, पण ते सहसा बागवान नसतात.

तिगावचे विदर्भाच्या संघाशी असलेले नाते आणखी एका अर्थाने गुंतागुंतीचे आहे. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे हे गाव १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होते. आज राज्याचा रणजी संघ इंदूरकडून चालतो, तर मराठी बोलणारा शेजार आणि जामठ्याचे मैदान नागपूरकडे आहे. २०२४ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने जामठ्यावर मध्य प्रदेशालाच ६२ धावांनी हरवले, तेही पहिल्या डावात ८२ धावांनी मागे पडून. यश राठोडच्या १४१ धावांना तिथे वाडकरच्या ७७ ची जोड होती, जी आता फारशी कोणाला आठवत नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, त्याच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीच्या नियमाने, म्हणजे पहिल्या डावात अधिक धावा करणाऱ्याला विजयी ठरवण्याच्या प्रथेने, तिसरे रणजी विजेतेपद मिळवले. ती आघाडी अवघ्या ३७ धावांची होती. वाडकरच्या बचावासाठी हा करंडक पुढे करण्याचा मोह अनेकांना होईल, परंतु त्याची गरज नाही; ३७ धावा उलट्या बाजूला पडल्या असत्या, तरी वानखेडेवरची ती सकाळ होती तशीच राहिली असती.