पुसावे काय आणि राखावे काय?



आज मी आपल्यापुढे एका यंत्राची गोष्ट ठेवणार आहे. धम्माच्या पाक्षिकात संगणकाचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारणे योग्यच आहे. परंतु आज आपल्या घरांत मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलीच्या जातपडताळणीचे कागद, बचत गटाचा हिशेब आणि वडीलधाऱ्यांची छायाचित्रे एकाच यंत्रात साठविलेली असतात. ते यंत्र अडू लागले की दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आपण मान हलवितो. एका तासात सारे पुसले जाते, आणि जे गेले त्याचे दुःख वर्षानुवर्षे राहते. दुःख आहे तर त्याला कारण आहे. कारण आहे तर ते टाळण्याचा मार्गही आहे. तथागतांनी शिकविलेली विचाराची ही रीत या लहानशा दुःखालाही लागू पडते.

या विषयाला एक निमित्तही झाले आहे. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून ती अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. अशी यंत्रे आता कोणी पुसतो, कोणी विकतो, कोणी भंगारात देतो. तारीख केवळ योगायोगाची आहे. योगायोगात दैव शोधणारे आपण नव्हे. परंतु १४ ऑक्टोबर म्हटले की १९५६ चे नागपूर आठवते, आणि जुने टाकून नवे घेणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही आठवतो.

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी माझी स्वतःची चूक सांगतो.

मी परभणी जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे वस्तीत संगणकाचे काही अडले की लोक माझ्याकडे येतात, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचा थोडा गर्व झाला होता. गोदाकाठच्या आमच्या गावातील विहारात वर्गणीतून घेतलेला एक जुना संगणक आहे. तो व्हायरसने इतका ग्रासला की सुरू व्हायलाच पाव तास लागे. मंडळी म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच बघा." एका रविवारी वंदना झाल्यावर मी बसलो. विहाराचा हिशेब, भीमजयंतीची छायाचित्रे पेन ड्राइव्हवर काढून घेतली. एका फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक खिचडी दिसली. ३१ पाने तशीच. मी समजलो की हा व्हायरसने केलेला कचरा असावा. ती फाइल घेतली नाही, कोणाला विचारलेही नाही. डिस्क फॉरमॅट केली, नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि समाधानाने घरी गेलो.

दोन दिवसांनी एका तरुणाने विचारले, "गुरुजी, आजीची फाइल काढून ठेवली ना?"

२००८ साली वस्तीतील मुलांनी एका आजीच्या तोंडून गावच्या धर्मांतराची हकीकत ऐकून ती टाइप केली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता; १ नोव्हेंबरला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या दिवसांत नागपूरची वार्ता गावात कशी आली, मेलेली ढोरे ओढण्याचे काम कोणी सर्वांत आधी नाकारले, त्यानंतर काय सोसावे लागले, आणि पहिल्याने दीक्षा घेणारी १७ घरे कोणती, हे सारे त्या फाइलमध्ये होते.

फाइल खराब नव्हतीच. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसविलेले असे. तो फॉन्ट यंत्रात असला तर मराठी दिसते. नसला तर तीच फाइल अर्थहीन इंग्रजी दिसते. मजकूर शाबूत होता. वाचण्याचे साधन नव्हते. आपली भाषा ज्यांना वाचता आली नाही त्यांनी आपल्या इतिहासाला कचरा म्हणावे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले. तेच मी माझ्या हाताने केले.

बंधुभगिनींनो, या चुकीतून मी जे शिकलो ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट. काढून टाकलेले लगेच नाहीसे होत नाही. ग्रंथालयाच्या नोंदवहीतून एका पुस्तकाची नोंद खोडली तर पुस्तक कपाटातून जात नाही. फक्त ती जागा मोकळी समजली जाते. नवे पुस्तक त्या जागी येईपर्यंत जुने तिथेच असते. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. फाइल काढली किंवा झटपट फॉरमॅट केला की केवळ नोंदवही कोरी होते. त्यावर नवे लिहिले जाते तेव्हाच जुने खरे पुसले जाते. म्हणून चूक कळताच यंत्र बंद करावे. त्यावर काही साठवू नये, नवे काही टाकू नये. मी तसे केले आणि डिस्क परभणीतील एका जाणकाराकडे नेली. नव्या सिस्टीमने काही जागा व्यापली होती. ३१ पानांपैकी १८ पाने मिळाली. नावांच्या यादीतील १७ घरांपैकी ९ मिळाली.

याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. माझ्या हाती जे लागले ते उद्या परक्याच्याही हाती लागेल. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, लेकीबाळींची छायाचित्रे असलेले यंत्र झटपट फॉरमॅट करून विकणे धोक्याचे आहे. विकण्यापूर्वी पूर्ण फॉरमॅट करावा, म्हणजे डिस्कवर सगळीकडे शून्ये लिहिली जातात. विंडोजमध्येच यंत्र मूळ स्थितीला नेताना सर्व काही काढून डिस्क स्वच्छ करण्याचा पर्याय असतो. वेळ लागला तरी तो निवडावा. एसएसडी प्रकारच्या डिस्कला मात्र ही युक्ती भरवशाची नाही. तिच्यासाठी कंपनीने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. बंद पडलेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी फोडून टाकावी.

मनाचेही असेच आहे. भिंतीवरची तसबीर उतरविली, म्हणजे नोंदवहीतील नोंद खोडली. पण लग्नाचा मुहूर्त पाहणे, आजारपणात नवस बोलणे, सोयरीक करताना पोटजात विचारणे चालू राहिले, तर जुने सारे आतच आहे. नवे आचरण त्या जागेवर रोज लिहिले जाईल तेव्हाच ते जाईल.

दुसरी गोष्ट. पुसण्यापूर्वी राखायचे ते ठरवा. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्म सोडण्याची घोषणा केली आणि दीक्षा १९५६ साली घेतली. मधल्या २१ वर्षांत त्यांनी अभ्यास केला, पारख केली. आपल्याला एका यंत्रासाठी एक संध्याकाळ तरी देता आली पाहिजे. घरातील प्रत्येकाला विचारा, अगदी सातवीतल्या मुलीलाही आणि ज्यांना यंत्र कळत नाही त्या म्हाताऱ्या माणसांनाही. जी फाइल कळत नाही ती आधी राखा, मग समजून घ्या. जुन्या मराठी फाइली असतील तर त्यांचे फॉन्टही सोबत घ्या आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा. काढून घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप हा केवळ विश्वास आहे, आणि न तपासलेला विश्वास आपण कधीच सोडला आहे.

प्रत एकीवर थांबू नये. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. आपल्या महाराष्ट्रात जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्यामुळे ठप्प झाले. त्या कंपनीने पुढे सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी २०१८ साली सांगितले. परंतु ज्या नोंदींवर ते सारे जाळे उभे होते, त्यांच्या जगभरच्या प्रती एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे एकदमच नष्ट झाल्या होत्या. वाचली ती एकच. घाना देशातील कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथले यंत्र बंद होते. भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आपल्या लोकांनी ही गोष्ट जरूर सांगावी! बोध साधा आहे. सदैव जोडलेल्या शंभर प्रती म्हणजे एकच प्रत. एक प्रत काढून वेगळी, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी.

तिसरी गोष्ट. नवे घ्याल ते पारखून घ्या आणि शीलाने घ्या. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ऑपरेटिंग सिस्टीम मूळ संस्थेच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्यावी. कोणाच्या पेन ड्राइव्हवर फिरत आलेली घेऊ नये. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांत चोरीची विंडोज टाकून देतात. तिच्यासोबत पुष्कळदा व्हायरसही येतो, हा व्यवहाराचा भाग झाला. आपल्यासाठी त्याहून मोठा प्रश्न दुसऱ्या शीलाचा आहे. न दिलेले न घेणे, ही शिकवण आपण दर रविवारी उच्चारतो. ती कपाटातील पैशापुरतीच आहे काय? आणि आपण गरीब आहोत, ही सबबही आता उरलेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्या सी-डॅक संस्थेची बॉस ही प्रणालीही त्याच वंशातली आहे. हे दिलेले आहे. ते घेण्यात चोरी नाही. ते जुन्या यंत्रावरही बरे चालते. मात्र आपले नेहमीचे काही प्रोग्राम त्यावर चालत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून डिस्क न पुसता ते आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. धम्माला एहिपस्सिको म्हणतात: या आणि पाहा. तीच रीत इथेही धरावी.

चौथी गोष्ट. पुसल्यानंतर जुना रोग परत आणू नका. डिस्क स्वच्छ केली, नवी सिस्टीम टाकली, आणि मग जुन्या पेन ड्राइव्हवरचे सारेच तपासल्याशिवाय परत ओतले, तर व्हायरसही परत येतो. छायाचित्रे आणि कागदपत्रे तपासून घ्यावीत. जुने प्रोग्राम घेऊ नयेत. बावीस प्रतिज्ञांकडे पाहा. त्यांत सोडण्याच्या प्रतिज्ञा आहेत, तशाच घेण्याच्याही आहेत: अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांवर दया. बाबासाहेबांनी आपल्याला कोरे करून सोडले नाही. आणि विसरा असेही सांगितले नाही. सोसलेल्याची आठवण राखायची आणि त्या सोसण्याने लावलेल्या सवयी टाकायच्या, हा विवेक त्यांनी दिला.

आता आजीची गोष्ट पुरी करतो. मी तिच्यापुढे जाऊन चूक कबूल केली. ती रागावली नाही. म्हणाली, "आरं लेकरा, माझ्या मायनं सांगितलेली नावं व्हती ती. दोन-चार आठवतेत. बाकीची माझ्याबी पाटीवरून पुसली. बस, लिहून घे." ती सांगत गेली, मी युनिकोडमध्ये टाइप करीत गेलो. तिला ४ घरांची नावे आठवली. राहिलेल्या ४ घरांची नावे गावात आज कोणालाच सांगता येत नाहीत. विहारात लावलेल्या यादीत त्या ४ ओळी आम्ही कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या प्रतीची एक नक्कल विहारात आहे, एक शाळेतील माझ्या कपाटात, एक आजीच्या नातीकडे पुण्याला. आणि कागदावर छापलेली एक प्रत आजीच्या उशाशी आहे. तिला वाचता येत नाही, पण नात आली की वाचून दाखविते.

बंधुभगिनींनो, आपल्या घरातील यंत्र आज ना उद्या पुसावे लागणारच. सर्व संस्कार अनित्य आहेत, मग यंत्र त्याला अपवाद कसे असेल? म्हणून वाट पाहू नका. येत्या पौर्णिमेला घरातील सर्वांनी एकत्र बसावे, वंदना घ्यावी, आणि मग विचारावे: आपल्याकडे असे काय आहे की ज्याची दुसरी प्रत नाही? यंत्रात असेल तर तिची प्रत करा. आजी-आजोबांच्या मनात असेल तर आजच लिहून घ्या. तिथे तर फॉरमॅटनंतर काहीही परत मिळत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!